५० मायक्रॉनचा हिशेब: गुडघ्याच्या इम्प्लांटचा स्टेम लॅबमध्ये कसा तपासायचा

डिसेंबर उजाडला की आमच्या लॅबच्या दारात शेवटच्या वर्षाची पोरं उभी राहतात. "सर, बायोमेकॅनिक्समध्ये प्रोजेक्ट करायचाय, गुडघ्याचं इम्प्लांट." बहुतेकांच्या घरात आई, आजी, मावशी, कुणाचा तरी गुडघा बदललेला असतो. मग लॅपटॉप उघडतात. त्यात स्टेमचं, म्हणजे इम्प्लांटखालच्या दांड्याचं, मॉडेल, लाल-पिवळ्या-निळ्या रंगांत ताण दाखवणारं. मी विचारतो, "हा स्टेम हाडात किती हलतो?" उत्तर येतं, "हलत नाही सर, बॉन्डेड घेतलंय." म्हणजे स्टेम हाडाला चिकटलेलाच धरून, जो प्रश्न सोडवायचा, तोच कॉम्प्युटरला सांगून मिटवून टाकलेला.

खालचा आराखडा अशा पोरांसाठी आहे. बेंचवर एखादं डिझाइन दुसऱ्याशी ताडून पाहायची इच्छा असलेल्या तरुण ऑर्थोपेडिक डॉक्टरांनाही तो चालेल. लागतं काय, तर एक यूटीएम (नमुन्यावर मोजून भार देणारं) मशीन, पाच-सहा बारीक सेन्सर, एक जिवाभावाचा टर्नर आणि सुमारे तीन महिने. नागपुरात हे तीन महिने जानेवारी ते मार्चच असावेत. का, ते पुढे येईलच.

ज्यांनी इम्प्लांट हातात घेतलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गुडघा बदलताना नडगीच्या हाडाचं वरचं टोक सपाट कापतात आणि त्यावर धातूचा ट्रे बसवतात. ट्रेच्या खाली आखूड कील, म्हणजे खुंटीसारखा भाग, असतो. पहिल्या ऑपरेशनला बहुधा तेवढ्यावर भागतं. पण तोच गुडघा दुसऱ्यांदा उघडावा लागला, हाड पोखरलेलं निघालं, किंवा लिगामेंट गेल्यामुळे जास्त जखडणारा सांधा लावावा लागला, तर ट्रेला खाली एक दांडा जोडतात. तो हाडाच्या पोकळीत, मज्जेच्या नळीत उतरतो. हाच स्टेम.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

"कोणता स्टेम जास्त मजबूत" हा प्रश्न नाही. मजबुतीची चाचणी वेगळी असते. ट्रेची एक बाजू पकडून दुसऱ्या बाजूवर १ कोटी वेळा भार देऊन तडा जातो का पाहतात, त्याची पद्धत आयएसओ १४८७९ या आंतरराष्ट्रीय मानकात दिली आहे. तुमचा प्रश्न पकडीचा आहे. उदाहरणार्थ: "आतल्या (दुसऱ्या गुडघ्याकडच्या) बाजूला भार आल्यावर ४० मिलिमीटरचा सिमेंट केलेला स्टेम आणि १०० मिलिमीटरचा ठोकून बसवलेला स्टेम, यांत ट्रे हाडापासून किती सुटतो?" या वाक्यात भार आला, लांबी आली, बसवण्याची पद्धत आली आणि काय मोजायचं तेही आलं. यातली एकही गोष्ट सुटली तर प्रोजेक्ट मार्चमध्ये भरकटतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला. लांबीही बदलली आणि सिमेंटही काढलं, तर फरक कशामुळे पडला ते गाइडलाही सांगता येणार नाही. वरचं उदाहरण मी मुद्दाम चुकीचं दिलंय. त्यात दोन गोष्टी एकदम बदलल्यात. ते दुरुस्त करणं हा पहिला गृहपाठ.

वाक्य लिहून झालं की ते घेऊन मेडिकल, मेयो किंवा मिहानमधल्या एम्सच्या ऑर्थो विभागात एकदा जाऊन या. ओपीडी संपायच्या सुमाराला गेलात तर रिव्हिजन (बदललेला गुडघा पुन्हा बदलणं) करणारे डॉक्टर दहा मिनिटं देतात. त्या दहा मिनिटांत कळतं की प्रत्यक्षात हाड तीन मजल्यांचं धरतात: सांध्यालगतचा कापलेला भाग, त्याखालचा फुगीर जाळीदार भाग आणि खालची नळी. यांपैकी किमान दोन मजल्यांवर पक्की पकड हवी, ही मांडणी मॉर्गन-जोन्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये केली आणि आता ती सगळीकडे वापरतात. मधला मजला पोखरला असेल तर तिथे सच्छिद्र धातूचा कोन किंवा स्लीव्ह घालतात. त्या वेळी स्टेमवरची जबाबदारी बदलते. तुमच्या चाचणीत हे तिन्ही मजले आहेत की नाहीत, ते आधीच ठरवा.

पायरी २: कागदावर दहा मिनिटं

मशीन चालू करण्याआधी हाताने हिशेब करा. ७० किलोचा माणूस चालताना गुडघ्यावर वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. २००० न्यूटन धरू. तो सगळा एकाच बाजूवर, ट्रेच्या मध्यापासून २२ मिलिमीटरवर आला, तर वाकवणारा मोमेंट (बल गुणिले अंतर) झाला ४४ न्यूटन-मीटर. सगळ्यात वाईट अवस्था धरू: ट्रेखालचं हाड काहीच पेलत नाही, सगळं स्टेमवर.

आता कुऱ्हाडीचा दांडा आठवा. दांडा डोळ्यात किती खोल गेलाय यावर तो डुगडुगणार की नाही हे ठरतं. स्टेम नळीत दोन ठिकाणी टेकतो, वर एका बाजूला आणि खाली टोकाशी विरुद्ध बाजूला. या दोन टेकूंतलं अंतर ४० मिलिमीटर असेल, तर प्रत्येक टेकूवर ११०० न्यूटन. अंतर १०० मिलिमीटर झालं की ४४० न्यूटन. लांब स्टेमचा फायदा एवढ्या साध्या भागाकारात दिसतो.

पण कुऱ्हाडीची गोष्ट इथे संपते, कारण हाड जिवंत आहे. दंडगोल दांड्याचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. १२ मिलिमीटरचा स्टेम १६ चा केला की तो ३.१६ पट ताठ होतो. इतका ताठ दांडा भार थेट खालच्या नळीत नेऊन सोडतो, आणि वरच्या हाडाला काम उरत नाही. काम न मिळालेलं हाड विरळ होत जातं. शिवाय जिथे दांडा संपतो तिथे ताठ आणि लवचीक यांचा सांधा तयार होतो. मोबाईलच्या चार्जरची वायर नेहमी पिनेच्या तोंडाशीच तुटते, तसलाच प्रकार. महालात राहणाऱ्या माझ्या मावशीचा गुडघा दुसऱ्यांदा केला. गुडघा छान वाकतो, पण जिना उतरताना ती नडगीच्या मध्यावर बोट टेकवते: "इथं, बरोबर इथं दुखते." एक्स-रे बघितला तर बोटाखाली बरोबर स्टेमचं टोक. याला डॉक्टर स्टेमच्या टोकाचं दुखणं म्हणतात, आणि ठोकून बसवलेल्या लांब स्टेममध्ये ते माहितीतलं आहे. टोकाला चिरा पाडून दोन पाकळ्या केलेले स्टेम त्यासाठीच आहेत. चिरेमुळे टोक थोडं लवतं. बाजूला उभ्या पन्हाळी कोरलेल्या असतात त्या मात्र वळण्याविरुद्ध. त्यांच्या धारा हाडाच्या आतल्या भिंतीत रुततात.

म्हणून "जितका लांब आणि जाड, तितका चांगला" असं प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत लिहू नका. मी पहिल्याच पानावर लाल पेन चालवतो.

पायरी ३: हाड कुठून आणायचं

तयार कृत्रिम हाडं महाग पडतात आणि यायला वेळ लागतो. देहदानातलं हाड हवं असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. आणि फॉर्मालिनमध्ये ठेवलेलं हाड चालत नाही, त्याचे यांत्रिक गुणधर्म बदललेले असतात. पदवीच्या प्रोजेक्टसाठी पॉलियुरेथेन फोमचा ठोकळा उत्तम. ऑर्थोपेडिक चाचणीच्या फोमचं मानक एएसटीएम एफ १८३९ आहे. त्यात ग्रेड म्हणजे घनता: ग्रेड १० म्हणजे साधारण १६० किलो प्रति घनमीटर, ग्रेड २० म्हणजे ३२०. म्हातारं, ठिसूळ हाड दाखवायचं असेल तर १०, बरं हाड असेल तर २०. गादीवाल्याकडचा किंवा पॅकिंगचा फोम आणू नका. एकाच ठोकळ्यात वरखाली घनता बदलते आणि तुम्ही स्टेमऐवजी फोम तपासत बसता.

खालच्या नळीचं कठीण हाड दाखवायचं असेल तर फोमच्या बाहेरून काचतंतू आणि इपॉक्सीचा थर चढवा. तेवढा वेळ नसेल तर निदान अहवालात स्पष्ट लिहा की नळीची कठीण भिंत नव्हती. ठोकून बसवलेल्या स्टेमला पकड देणारी गोष्ट तीच भिंत असते. ती नसताना असा स्टेम "हरला" असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं आहे.

पायरी ४: स्टेम बनवून घेणं

खरे स्टेम मिळाले तर उत्तम. मुदत संपलेले संच कधीकधी शिकण्यासाठी मिळतात. नाहीतर हिंगणा एमआयडीसीत लेथवर करून घ्या. ट्रे आणि स्टेम एकाच दांड्यातून काढू नका. वेगळे करून टेपरने (निमुळत्या, घट्ट बसणाऱ्या जोडाने) जोडा, म्हणजे एकाच ट्रेवर सगळे स्टेम लागतील.

इथे एक खोच आहे. खरे स्टेम बहुधा टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असतात, त्याची स्थितिस्थापकता (धातूच्या ताठपणाचं माप) सुमारे ११० गिगापास्कल. टायटॅनियमची कांब महाग पडते म्हणून पोरं इतवारीतल्या लोहा ओळीतून ३१६ स्टेनलेस स्टीलची कांब आणतात. तिची स्थितिस्थापकता सुमारे १९३. म्हणजे त्याच मापाचा स्टीलचा स्टेम पावणेदोन पट ताठ. व्यास कमी करून ताठरपणा जुळवता येतो, पण मग भोकात तो सैल बसणार. उपाय सोपा आहे: स्टीलचा स्टेम पोकळ करा. बाहेरचा व्यास १४ ठेवून आतून ११.३ मिलिमीटरचं भोक पाडलं की त्याचा वाकण्यातला ताठरपणा भरीव टायटॅनियमच्या १४ मिलिमीटर स्टेमइतका होतो. पिळण्यातलाही जवळपास तितकाच येतो. आमच्या टर्नरने ड्रॉइंग पाहून आधी डोकं खाजवलं, मग म्हणाला, "होऊन जाते सर, पण भिंत दीड मिलिमीटरही राहणार नाही, लांब भोकात ड्रिल भटकते." त्याचं खरं होतं. १०० मिलिमीटर खोल भोक दोन्ही टोकांकडून पाडलं आणि टोकाला टोपण बसवलं.

पृष्ठभागाकडेही लक्ष द्या. लेथवरून आलेला चकचकीत स्टेम आणि वाळूच्या माऱ्याने खरबरीत केलेला स्टेम यांचं घर्षण वेगळं असतं. सगळ्या नमुन्यांना एकच प्रक्रिया.

पायरी ५: बसवणं

निम्मे नमुने इथेच बिघडतात. भोक ड्रिल प्रेसवर, ठोकळा शिकंज्यात पकडून पाडा, हातातल्या ड्रिलने नाही. १४ च्या स्टेमला १३.५ चं भोक हा चांगला आरंभ आहे. भोकातला भुगा हवेने उडवा. तो राहिला तर स्टेमच्या टोकाखाली गादी तयार होते आणि पहिल्या शंभर चक्रांत स्टेम खचल्यासारखा दिसतो. प्रत्येक भोक प्लग गेजने तपासून वहीत लिहा.

हातोडीने ठोकू नका. डॉक्टर ठोकतात हे खरं, पण तुमचा आणि तुमच्या मित्राचा हात सारखा नसतो. यूटीएमने ठरावीक वेगाने दाबून बसवा आणि बसवतानाचं बल नोंदवा. हे बल फुकटात मिळालेला आकडा आहे: ज्या नमुन्यात ते बाकीच्यांच्या निम्मं आलं, तिथे भोक मोठं झालंय किंवा फोमला चीर गेलीय.

सिमेंटचा गट असेल तर थंडी हवी. हाडाचं सिमेंट म्हणजे पीएमएमए, एक अ‍ॅक्रिलिक. त्याच्या चाचण्या आयएसओ ५८३३ प्रमाणे २३ अंशांवर करतात. तापमान वाढलं की ते भराभर घट्ट होतं. एप्रिलमध्ये नागपूरच्या साध्या लॅबमध्ये ते पेल्यातच बसतं, ट्रे लावायला वेळ उरत नाही. भुकटी, द्रव, ठोकळा आणि ट्रे, चौघांनाही आदल्या रात्री एसीच्या खोलीत मुक्कामाला ठेवा. खरं सिमेंट परवडत नसेल तर दातांच्या कामातलं थंड पद्धतीने बसणारं अ‍ॅक्रिलिक त्याच जातीचं आहे, तुलनेपुरतं चालतं. द्रवाची वाफ पेट घेते आणि डोकं धरते. खिडक्या उघड्या ठेवा. प्रत्येक नमुन्याला तोलून सारखंच सिमेंट घाला, आणि ते फक्त ट्रेखाली आहे की कीलभोवतीही आहे, ते फोटोसह नोंदवा.

पायरी ६: सेन्सर कुठे लावायचे

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ही पायरी विसरू नका.

आपल्याला ट्रे आणि हाड यांच्यातली हालचाल हवी. आमच्या पहिल्या बॅचने सेन्सरचा स्टँड यूटीएमच्या पाटावर मॅग्नेटिक बेसने लावला होता. सगळ्या डिझाइनची हालचाल ४०० मायक्रॉनच्या आसपास आली (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आखूड, लांब, सिमेंटवाला, बिनसिमेंटचा, सगळे सारखे. दोन आठवडे पोरं म्हणत होती की स्टेमने काही फरकच पडत नाही, आणि एकाने तसा निष्कर्षही टाइप केला. मग फळ्यावर हिशेब मांडला. १५० मिलिमीटर उंच ठोकळा, ४००० चौरस मिलिमीटर क्षेत्र, २००० न्यूटन भार: दाब अर्धा मेगापास्कल. ग्रेड २० फोमची दाबाखालची स्थितिस्थापकता सुमारे २१० मेगापास्कल. म्हणजे ठोकळा स्वतःच ३६० मायक्रॉन दबतो. आम्ही दोन आठवडे फोम मोजत होतो, इम्प्लांट त्यात चिमूटभर होतं.

म्हणून सेन्सरचा आधार हाडावरच हवा. ट्रेच्या १० मिलिमीटर खाली ठोकळ्याभोवती अ‍ॅल्युमिनियमचं कडं घाला, चार टोकदार स्क्रूंनी पकडा, आणि त्या कड्यावर तीन एलव्हीडीटी (बारीक सरकणं मोजणारे सेन्सर) उभे बसवा: आतल्या बाजूला, बाहेरच्या बाजूला आणि पुढे. त्यांची टोकं ट्रेच्या कडेला टेकू द्या. १ मायक्रॉन ओळखणारे, १ मिलिमीटर पल्ल्याचे सेन्सर पुरतात. कडं आणि ट्रे यांच्यातला १० मिलिमीटर फोमही २४ मायक्रॉन दबतो, तेवढं लक्षात असू द्या. पिळण्यासाठी चौथा सेन्सर आडवा, ट्रेच्या कोपऱ्याला. स्टेमच्या टोकाची हालचाल हवी असेल तर तिथे ४-५ मिलिमीटरचं छोटं भोक पाडून पाचवा, पण मग सगळ्याच नमुन्यांना ते भोक पाडा.

यानंतर शून्य-नमुना करा. ट्रे इपॉक्सीने सरळ एका अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्याला चिकटवा, तेच कडं, तेच सेन्सर, तोच भार. इथे हालचाल जवळपास शून्य यायला हवी. जी येईल ती तुमच्या मांडणीची: ट्रेच्या कडेचं लवणं, कड्याचं सरकणं, विजेचा गोंगाट. आमची १२ मायक्रॉन आली. त्याखालच्या फरकावर आम्ही बोलत नाही.

आणि आता कूलर. एका वर्षी चाचणी एप्रिलच्या दुपारपर्यंत लांबली. स्क्रीनवर ट्रे हळूहळू खचताना दिसायला लागला, तासाभरात २० मायक्रॉन. पोरं खूश, "सर, सब्सिडन्स मिळालं!" चहाच्या सुट्टीत शिपाईदादांनी कूलर बंद केला, आणि आम्ही परत आलो तेव्हा इम्प्लांट वर येत होतं. खचलेलं इम्प्लांट आपणहून वर येत नाही. सेन्सर धरणारी २०० मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची भुजा ५ अंशांच्या फरकाने २३ मायक्रॉन लांबी बदलते. कूलरचा झोत नेमका तिच्यावर होता. तेव्हापासून नियम: चाचणी पहाटे किंवा रात्री, कूलर-पंखा बंद, भुजा आखूड, तापमान दर पाच मिनिटांनी नोंदवायचं, आणि शेजारी भार नसलेल्या नमुन्यावर एक साक्षीदार सेन्सर. साक्षीदार हलला तर ती हालचाल हवामानाची.

पायरी ७: भार

ठोकळ्याचा बुडखा स्टीलच्या डब्यात अ‍ॅक्रिलिकने घट्ट बसवा. भार स्टीलच्या गोळीतून द्या. डब्याखाली आडवी सरकणारी पाटी ठेवा, नाहीतर मशीनचं डोकंच ट्रेला बाजूने धरून ठेवेल आणि सगळे स्टेम छान वागतील.

सौम्याकडून कठोराकडे जा. आधी १०० चक्रं मध्यावर, २०० ते १००० न्यूटन, म्हणजे सगळं जागेवर बसेल. हे आकडे टाकून द्यायचे. मग मध्यावर २०० ते २०००. मग आतल्या बाजूला २२ मिलिमीटरवर तेच. खरी परीक्षा इथे: भार आलेली बाजू दबते आणि समोरची बाजू उचलली जाते. चालण्याच्या चक्रासाठी आयएसओ १४२४३ मध्ये उभ्या भाराचं शिखर २६०० न्यूटन आहे, पण ग्रेड १० फोमवर एका बाजूने तेवढा भार दिलात तर फोम चुरडेल. तिथे १००० वर थांबा आणि तसं लिहा.

सर्वो-हायड्रॉलिक मशीन असेल तर सेकंदाला एक चक्र, १०,००० चक्रं पावणेतीन तासांत होतात. बहुतेक कॉलेजांत स्क्रूवाली यूटीएम असते, तिला दहा सेकंदाला एक चक्र झेपतं. ५०० चक्रांना ८३ मिनिटं लागतील, तेवढी पुरतात.

पिळण्यासाठी महागडं मशीन नको. ट्रेला दोन्ही बाजूंना २५० मिलिमीटरची भुजा लावा, दोरी बेअरिंगच्या कप्पीवरून सोडून प्रत्येक टोकाला साधारण १ किलोचं वजन टांगा. ५ न्यूटन-मीटर झालं. एकाच बाजूला २ किलो टांगू नका, ट्रे पिळण्याबरोबर बाजूलाही ओढला जातो. हे करताना उभा भार ५०० न्यूटन कायम ठेवा.

पायरी ८: आकड्यांचा अर्थ

प्रत्येक चक्राचे दोन आकडे काढा, भार जास्त असतानाचा आणि कमी असतानाचा. त्यांतला फरक म्हणजे परत येणारी हालचाल. कमी भाराचा आकडा चक्रागणिक सरकत गेला तर ते कायमचं खचणं. दोन्ही वेगळे लिहा, एकत्र बेरीज करू नका. खचणं सुरुवातीला होऊन थांबलं तर स्टेम बसला. थांबतच नसेल तर काळजी. रुग्णांमध्येही हाच विचार चालतो: हाडात बारीक धातूचे मणी घालून एक्स-रेवरून मोजण्याच्या पद्धतीत दुसऱ्या वर्षातही ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकणारा ट्रे पुढे सैल होण्याच्या धोक्यात धरतात.

आता एक नेहमीचा सापळा. आतली बाजू ८५ मायक्रॉन दबली, बाहेरची ३० मायक्रॉन उचलली गेली. सरासरी काढली तर जेमतेम २८ मायक्रॉन दबणं, पोस्टरवर फार सुंदर दिसतं. पण दोन सेन्सरमध्ये ६० मिलिमीटर अंतर आहे, एकूण फरक ११५ मायक्रॉन, म्हणजे ट्रे ०.११ अंश तिरपा झाला. कोन चिमुकला वाटतो. ट्रे आणि स्टेम ताठ धरून, ट्रेच्या पातळीभोवती तो फिरला असं मानलं, तर १०० मिलिमीटर खालचं टोक १९० मायक्रॉन आडवं गेलं असणार. म्हणून सरासरीऐवजी तिरपेपणा आणि उचलणं स्वतंत्रपणे द्या.

मर्यादेचा आकडा सगळे पाठ करून येतात: ५० मायक्रॉनखाली हाड धातूत वाढतं, १५० च्या वर मऊ तंतुमय ऊती तयार होते. यातल्या १५० च्या आकड्याचं मूळ पिलियर आणि सहकाऱ्यांच्या १९८६ च्या, कुत्र्यांवरच्या कामात आहे. हा नियम सच्छिद्र पृष्ठभागासाठी आहे, ज्यात हाड वाढावं अशी अपेक्षा असते. ट्रेखाली सिमेंट आणि नळीत गुळगुळीत ठोकलेला स्टेम अशी मिश्र पद्धत असेल, तर त्या गुळगुळीत टोकाला कुणी हाड वाढवायला सांगितलेलंच नाही. त्याचं टोक १०० मायक्रॉन हललं म्हणून डिझाइन नापास करू नका. तिथे सिमेंटच्या जागची हालचाल बघा.

एका डिझाइनचे किमान सहा नमुने हवेत. फोमचा ठोकळा एकदाच वापरायचा. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर पहिलं डिझाइन थंडीत आणि शेवटचं उन्हाळ्यात होतं. आलेखात सहाही ठिपके दाखवा, नुसता सरासरीचा खांब नको.

पायरी ९: कापून बघा

चाचणी संपली की ठोकळा बँडसॉवर उभा चिरा, स्टेम अलगद काढा आणि दोन्ही भाग पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो घ्या. सिमेंटमध्ये पोकळ्या दिसतील, कुठे ते कीलपर्यंत पोचलंच नाही हे दिसेल. त्या नमुन्याचा विचित्र आकडा मग विचित्र राहत नाही. स्टेमवर घासल्याच्या खुणा शोधा. आतल्या बाजूवर भार दिला तर ट्रे आत झुकतो आणि टोक बाहेरच्या भिंतीकडे ढकललं जातं. म्हणजे खूण वर आतल्या अंगाला आणि खाली बाहेरच्या अंगाला हवी.

एका बॅचमध्ये खालची खूण नेमकी बाहेरच्या अंगाला नसून मागच्या अंगाकडे सरकलेली निघाली. आकडे तर नीट होते, आलेखही गुळगुळीत. फिक्स्चर (भार देण्याची मांडणी) मोजून पाहिलं तेव्हा भार देणारी गोळी ट्रेच्या मध्यरेषेपेक्षा ६ मिलिमीटर पुढे बसलेली निघाली. सहाही नमुने पुन्हा करावे लागले, आणि तोवर मे लागला होता.